टॅटिंगच्या प्रदर्शनात लेस दिसली, पण करणाऱ्यांची नावं कुठं आहेत?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या सांगलीतल्या लेसच्या प्रदर्शनाची छोटी बातमी आली होती. फीत कापतानाचा फोटो, प्रमुख पाहुण्यांची नावं, कोण कोण उपस्थित होतं त्यांची नावं आणि शेवटी एक ओळ, की महिलांनी फावल्या वेळात केलेल्या क्रोशाच्या वस्तू मांडल्या आहेत. मी त्या बातमीमुळेच प्रदर्शनाला गेले, त्यामुळे बातमी दिलीत याबद्दल आधी मनापासून आभार. पण तिथं जे बघितलं ते त्या एका ओळीत मावणारं नाही आणि ते क्रोशाचं तर नाहीच, म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, जागा कमी असेल तर काटछाट करा पण नावांबद्दल जे लिहिलंय ते तेवढं ठेवा.

तिथं होतं ते टॅटिंग, म्हणजे दोऱ्याच्या गाठी मारून केलेली लेस. आमच्या आईच्या पिढीतल्या बऱ्याच बायकांना हे येत होतं, शाळेत शिवणाच्या तासाला शिकवायचे, रुमालाची कड, ब्लाउजच्या बाहीची लेस, देवघरातल्या पाटावरचा रुमाल, रुखवतात मांडायला टेबलक्लॉथ असं सगळं करायच्या. क्रोशा एका आकड्याच्या सुईनं होतो, साखळीतून साखळी ओढत जायची, आणि चुकलं तर दोरा ओढला की सरसर उसवतं. मूळ टॅटिंगला सुई नसते, हाताच्या अंगठ्याएवढं शटल असतं, दोन्ही टोकांना निमुळतं, मध्ये दोरा गुंडाळलेला. त्यात सगळ्या गाठीच गाठी असतात आणि गाठी उसवत नाहीत. एकदा रिंग, म्हणजे गाठींचं छोटं कडं, बंद केली की चूक सापडली तरी ती उघडायला जीव जातो, बहुतेक वेळा कापूनच टाकावं लागतं. म्हणून मला या दोन्हींना एकच म्हटलेलं खटकतं, दोन्हींची मेहनत वेगळी आहे, क्रोशावालीलाही ते आवडणार नाही.

हॉलमध्ये शिरल्यावर समोरच्या भिंतीवर सगळ्यात मोठं काम लावलं होतं, दारावरच्या पडद्यापेक्षा मोठंच असेल, पांढऱ्या दोऱ्यातलं, खाली गडद निळं कापड. शंभराच्या पुढे मोटिफ, म्हणजे लेसची सुटी फुलं, असतील, सहा बाजूंचे, एकाला एक जोडलेले. आणि हे एकीनं केलेलं नाही. सांगली, मिरज, इचलकरंजी, बेळगाव, पुणे, म्हापसा, एक मोटिफ तर बडोद्याहून आलेलं, ज्या बाई लग्न होऊन तिकडे गेल्या पण टॅटिंग इथं शिकल्या होत्या. प्रत्येकीनं आपापल्या घरी बसून केलं आणि पोस्टानं नाहीतर कुरियरनं पाठवलं.

आता ऐकायला हे सोपं वाटतं, प्रत्येकीनं एक फूल करायचं आणि सगळी जोडायची, पण टॅटिंग ज्यांनी केलंय त्यांना कळेल हे किती अवघड आहे. नमुना तोच, दोरा तोच, टाके मोजून तेवढेच, तरी दोन बायकांची मोटिफं कधी सारखी होत नाहीत, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. कुणी दोरा घट्ट ओढते, कुणी सैल सोडते. घट्ट हाताचं मोटिफ छोटं आणि कडक होतं, सैल हाताचं पसरतं. एकाच मोटिफमध्ये हा फरक दिसत नाही पण शंभर शेजारी शेजारी ठेवली की कापड एकीकडे फुगतं एकीकडे ओढलं जातं, सपाट बसतच नाही.

यावर आयोजकांनी काय केलं ते तिथल्या एका ताईंनी मला नीट समजावून सांगितलं. सगळ्यांना अँकरचा एकाच नंबरचा दोरा, एकाच लॉटचा, आधी विकत घेऊन वाटला, कारण दुसऱ्या लॉटचा पांढरा शेजारी ठेवला की पिवळट दिसतो. सोबत एक तयार नमुना पाठवला आणि पुठ्ठ्याची एक बारीक पट्टी, पिको, म्हणजे रिंगच्या कडेचे दोऱ्याचे बारीक फास, करताना दोऱ्यात ती पट्टी धरायची म्हणजे सगळ्यांचे पिको एका उंचीचे. आणि खरी युक्ती पुढे आहे. प्रत्येकीनं मोटिफचा आतला भागच करायचा, शेवटचा बाहेरचा फेरा करायचाच नाही. तो फेरा इथं सांगलीत चौघी-पाचजणींनी एकत्र बसून केला, कारण टॅटिंगमध्ये जोड हा करता करताच घ्यायचा असतो, मागाहून सुईनं शिवून जोडलं तर चालतं पण ते दिसतं. मग छोट्या मोटिफला शेवटच्या फेऱ्यात एखादा टाका जास्त, मोठ्याला एखादा कमी, असं करत करत सगळी एका मापात आणली. म्हणजे आतलं फूल ज्याच्या त्याच्या हातचं आणि बाहेरची चौकट इथल्या चौघी-पाचजणींची.

मी जवळ जाऊन बराच वेळ बघत होते आणि खरं सांगते, थोड्या वेळानं हात ओळखायला येतात. वरच्या डाव्या कोपऱ्यात ओळीनं तीन मोटिफं होती त्यांच्या रिंगा इतक्या गच्च की एकेक टाका मोत्यासारखा उठून दिसत होता, ती नक्की एकाच बाईची, मी विचारलं तर हो म्हणाल्या, त्या आजी पंच्याहत्तरीच्या पुढच्या आहेत आणि अजून चष्म्याशिवाय शटल चालवतात. खालच्या बाजूला एक होतं त्यात पिको जरा लांब आणि झुलते, पट्टी न वापरता अंदाजानं केलेले असणार, पण काय सुंदर दिसत होते. एका मोटिफमध्ये एका रिंगला एक पिकोच राहून गेलाय, तिथं जोड घ्यायला जागाच नव्हती तर शेजारच्या रिंगच्या बुडातून जोड घेतलाय. ते बदललं नाही, तसंच ठेवलं, मला ते फार आवडलं, कारण बदलायचं म्हणजे एका बाईचं सगळं काम कापून टाकायचं.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी एक टाका कसा पडतो ते सांगते. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा वेढा घ्यायचा, उजव्या हातातलं शटल त्या दोऱ्याखालून नेऊन वरून परत आणायचं, की शटलच्या दोऱ्याची गाठ बसते. पण ती गाठ चुकीच्या दोऱ्यावर असते. मग डाव्या हाताची बोटं क्षणभर सैल सोडायची आणि शटलचा दोरा ताठ ओढायचा, गाठ उडी मारते, म्हणजे आता हातावरचा दोरा शटलच्या दोऱ्याभोवती फिरलेला असतो. ही उडी जमली तर टॅटिंग आलं, नाही जमली तर गाठ जागच्या जागी आवळते आणि रिंग बंदच होत नाही. मग उलट्या बाजूनं वरून खाली तसंच परत. हे दोन अर्धे मिळून एक टाका. असे चार-पाच टाके, मग थोडी मोकळी जागा सोडून पुढचा टाका, ती मोकळी जागा सरकवली की पिको तयार होतो. रिंग पुरी झाली की शटलचा दोरा ओढायचा, सगळे टाके सरकत सरकत गोल मिटतात. तिथं एका टेबलावर दोन काकू बसून करून दाखवत होत्या, कॉलेजच्या मुली भोवती उभ्या, एकीला ती उडी पहिल्यांदा जमली तेव्हा ती जोरात ओरडली आणि सगळा हॉल वळून बघायला लागला.

पिको हा नुसता शोभेला असतो असं बऱ्याच जणींना वाटतं पण सगळा जोडाचा कारभार पिकोवर चालतो. नवीन रिंग करताना शेजारच्या पिकोतून हातावरचा दोरा बारीक आकड्यानं वर ओढायचा, त्या फासातून शटल काढायचं, झाला जोड. सुरुवातीला ही सोय नव्हती. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात बायका सुट्या रिंगा करायच्या आणि नंतर सुई-दोऱ्यानं एकमेकींना बांधायच्या. साधारण १८५० च्या आसपास, ज्या काळात इंग्लंडमध्ये रिगो द ला ब्रांशार्दिएर या बाई टॅटिंगच्या नमुन्यांची पुस्तकं छापत होत्या, तेव्हा पिकोतून जोड घेण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यानंतरच टॅटिंगमधून मोठ्या वस्तू व्हायला लागल्या. मला तिथं उभं राहून वाटत होतं की तो जोड सापडला नसता तर बेळगावचं फूल बडोद्याच्या फुलाला असं लागलंच नसतं.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही ती पण लिहिते. या कामात फक्त शटलची मोटिफं घेतली, नीडल टॅटिंगची परत पाठवली. कारण सांगितलं ते खरं आहे, लांब सुईवर टाके घालून नंतर दोरा आतून ओढला की टाके सुईच्या जाडीचे राहतात, लेस थोडी सैल आणि जाडसर होते, शटलच्या कामाशेजारी ती वेगळी दिसते. कबूल. पण आजकाल नवीन शिकणाऱ्या मुली यूट्यूबवर बघून बऱ्याचदा सुईनंच सुरुवात करतात, ज्यांची बोटं संधिवातानं वाकलीयत त्यांनाही सुई सोपी जाते, त्यांचं काम परत पाठवण्यापेक्षा त्यांच्यासाठी वेगळा छोटा पडदा केला असता तर काय बिघडलं असतं. पुढच्या वेळी आयोजकांनी हे करावंच.

आता मुख्य मुद्दा. एवढ्या मोठ्या कामाखाली एक छापील कार्ड लावलं होतं, त्यावर 'महिलांचे सामूहिक हस्तकाम' एवढंच. एकीचंही नाव नाही. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, अहो आम्ही विचारलं होतं सगळ्यांना, बऱ्याच जणी म्हणाल्या नाव कशाला, सगळ्यांनी मिळून केलंय ना. आणि मग त्यांनी टेबलाच्या ड्रॉवरमधून एक वही काढून दाखवली, त्यात कुठलं मोटिफ कुणाचं, कुठल्या गावाहून आलं, कधी आलं, शेवटचा फेरा कुणी केला, सगळं नंबर घालून लिहिलेलं. एवढी सुंदर नोंद आहे आणि ती ड्रॉवरमध्ये!

मला हे 'नाव कशाला' फार लागलं. कारण नाव लिहायचं नसतं असं कुणी ठरवलं? आपल्याकडे घरातल्या हातकामाला नाव नसतंच. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा, किती वस्तू आहेत, अडकित्ते, दिवे, वज्री, करंडे, कापडं, बघून डोळे दिपतात, पण त्यातल्या बहुतेक वस्तू ज्या हातांनी घडवल्या त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. ज्या काळात नोंदी झाल्या नाहीत त्या काळाचं आता काही करता येत नाही. पण हे काम या वर्षी झालंय, करणाऱ्या बायका हयात आहेत, फोन नंबर सकट वहीत आहेत, आणि तरी कार्डावर नाव नाही, म्हणजे अजून पन्नास वर्षांनी कुणी हा पडदा बघेल तेव्हा त्यालाही 'अज्ञात' असंच लिहावं लागेल.

टॅटिंगच्या जगात एक नाव हमखास सांगितलं जातं, रोमानियाची राणी एलिझाबेथ, जी कार्मेन सिल्व्हा या नावानं कविता करायची आणि १९१६ मध्ये वारली. ती हाडाची टॅटिंगवाली होती. चांगलं काम करायची, प्रश्नच नाही. पण त्याच काळात तितकंच चांगलं काम करणाऱ्या असंख्य बायका असतील, त्यांची नावं राहिली नाहीत कारण त्या राण्या नव्हत्या.

आणि एकत्र काम असेल तर नावं देताच येत नाहीत असंही नाही. २००५ मध्ये लॉस एंजेलिसला मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या दोन बहिणींनी क्रोशाचं प्रवाळबेट करायला घेतलं, जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात हातभार लावला, २०१९ च्या व्हेनिस बिनाले प्रदर्शनातही त्यांचं काम होतं. तिथं ज्यांनी ज्यांनी काम दिलं त्यांची नावं प्रदर्शनात लावतात. हजारोंची लावता येतात तर आपल्याला शंभरेक मोटिफांची का नाही? भिंतीवर शेजारी एक नकाशा काढायचा, सहा कोनांच्या चौकटी, प्रत्येकीत नंबर, खाली नाव आणि गाव. एका दुपारचं काम आहे, वही तर तयार आहे.

नाव नसलं की काय होतं हे आंध्रातल्या नरसापूरकडे बघून कळतं. तिथं १९ व्या शतकात मिशनऱ्यांनी लेस शिकवली, हजारो बायका घरी बसून क्रोशाची लेस करतात, ती परदेशात जाते. १९७० च्या दशकाच्या शेवटी मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथं जाऊन अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं की या बायका दिवसाचे सहा-सहा आठ-आठ तास लेस करत होत्या तरी त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं, गृहिणी फावल्या वेळात करतात असंच धरलं जायचं आणि मजुरीही त्या हिशोबानंच मिळायची. धंदा पुरुषांच्या हातात. 'फावल्या वेळात' हे आपणही किती सहज म्हणतो. आपल्या बातमीतही तो शब्द होता, मी मुद्दाम परत काढून वाचलं. एका मोटिफला सराव असलेल्या हाताला दोनेक तास तरी लागतात, स्वयंपाक, नातवंडं, दवाखाना, नोकरी सांभाळून त्यांनी हे तास काढलेत, आपोआप फावलेले नाहीत.

प्रदर्शनात एक गृहस्थ बायकोला म्हणत होते की अशी लेस बाजारात मीटरवर मिळते. मिळते, पण ती अशी नसते. मशीनवर विरघळणाऱ्या कापडावर भरतकाम करतात आणि नंतर खालचं कापड धुऊन घालवतात, राहिलेला दोरा लेससारखा दिसतो. हातात घेऊन जवळून बघितली की कळतं, त्यात टाके नसतात, दोऱ्याचे एकावर एक थर असतात, पिकोच्या टोकाला तुसं निघालेली असतात. टॅटिंगच्या रिंगमध्ये टाके मोजता येतात. मी त्या काकांना एका नमुन्यावर टाके मोजून दाखवले, त्यांनीही मोजले, मग त्यांनी त्यांच्या मिसेसना हाक मारून परत दाखवलं.

आयोजकांना अजून एक कळकळीची विनंती. तो मोठा पडदा वरच्या कडेला टाचण्या लावून टांगलाय. सुती लेस स्वतःच्या वजनानं ओढली जाते, वरचे पिको ताणले जातील, महिनाभर तसाच राहिला तर वरच्या ओळीतली मोटिफं लांबुडकी होतील आणि एखादा जोड तुटला तर शेजारचेही जातील. मागच्या निळ्या कापडाला जागोजागी बारीक टाके घालून भार वाटून द्या, किंवा मोठ्या टेबलावर सपाट पसरून वरून काच लावा. समोरच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट येतं, त्या खिडकीचा पडदाही लावून घ्या. आणि नंतर ठेवताना घडी घालू नका, घडीवर दोरा कमजोर होतो, अ‍ॅसिड नसलेल्या पुठ्ठ्याच्या नळकांड्याला धुतलेलं सुती कापड गुंडाळून त्यावर सैल गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात डाग पडतात.

प्रदर्शन इथून पुढे कोल्हापूर आणि बेळगावला न्यायचं चाललंय असं कळलं. त्यानंतर हे काम कुणाच्या तरी कपाटात जाईल अशी मला भीती आहे. सांगलीत नाहीतर कोल्हापुरात एखाद्या संग्रहालयानं ते वहीसकट मागून घ्यावं, वही सगळ्यात महत्त्वाची, वहीशिवाय घेऊ नये. आणि ज्या शाळांमध्ये अजून कार्यानुभवाचा तास होतो तिथं या काकूंना बोलवावं, शटलला फार पैसे पडत नाहीत, एक शटल आणि एक दोऱ्याचा गुंडा एवढंच सामान लागतं, मुलांनाही शिकवावं, फक्त मुलींना नाही.

आपल्याला एवढीच विनंती आहे की प्रदर्शन संपायच्या आत एकदा आपला बातमीदार आणि फोटोग्राफर परत पाठवावा. पाहुण्यांचा फोटो छापून झालाय. आता एक फोटो मोटिफचा जवळून घ्यावा, टाके दिसतील असा, आणि त्याखाली ज्या बायका हो म्हणतील त्या सगळ्यांची नावं गावासकट छापावीत. यादी आयोजक ताईंकडे आहे, मी त्यांना विचारून ठेवलंय, पेपरला द्यायला त्या तयार आहेत. जागा लागेल याची कल्पना आहे, रविवारच्या पुरवणीत अर्धं पान पुरेल.

आपली नियमित वाचक,
मिरज